हरणाबायचा लव्हाळा

ऊसवाल्यापुढं लव्हाळ्याचं नाव काढू नये. भांगलणीला बाया लावून उपटला तरी गाठी रानात ऱ्हात्यात, आन् आठ दिसांत पुन्ना हिरवं! आन् हरणाबायनं त्योच माझ्या मळ्यात हातानं लावला.

हरणाबाय म्हंजे पलूसच्या आमच्या मळ्याची राखण करणारी म्हातारी. पूर्वेकडं दुष्काळात तिची मेंढरं मेली, नवरा गेला, तवा पोटाला इकडं आली. हिरीजवळ खोपटात ऱ्हायची.

सेहेचाळीस साली मी पलटणीतनं सुटून आलो. त्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "मालक, मोटंचं पाणी पडतं त्या थारोळ्याखाली कायम वल असती. तितं लव्हाळा लावू का? माझ्या तानूचं पयलं बाळंतपण हाय. आमच्या घरात आई सोता वाढिवलेल्या लव्हाळ्याची चटई लेकीखाली घालती."

"लाव की!" मी म्हणालो. खरं सांगतो, नीट ऐकलंबी न्हवतं.

तिनं नदीकाठचा उंच लव्हाळा मुळासकट वल्या फडक्यात आणला. ईत-ईत अंतरावर लावून पायानं चिखुल दाबला. एक दीस वाळू दिला न्हाई. भादव्यात कंबरंएवढा झाला. दसऱ्याला कापायचा, दिवाळीच्या आत चटई विणायची, असा तिचा हिशेब.

तेवढ्यात पारावर शेजारच्या मळ्यातल्या लालासाहेबानं मला टोकलं, "काय सुभेदार, औंदा लव्हाळ्याचं गुऱ्हाळ लावणार व्हय?"

सगळा पार हसला. माझं टाळकंच सरकलं. कुदळ घेऊन तडक मळ्यात गेलो. म्हातारी लेकीला आणायला गेलीवती. तिला इचारायचं कशाला, मळा माझा! सगळा लव्हाळा खणून बैलांपुढं टाकला. त्येंनी खाल्ला थोडा, तुडवला लय.

शेवटचा गड्डा काढताना कुदळ खणकन दगडावर बसली. माती सारून बघतोय तर चपटं दगड, उभं पुरलेलं, एकाला एक लागून. लव्हाळा आन् ऊस यांच्या मधी गुडघाभर खोल भिंतच! एक गाठ माझ्या उसात जाऊ नये म्हणून म्हातारीनं वड्यातनं एकेक दगड डोक्यावर आणलावता. मी तितंच चिखलात बसलो. सोताचीच किळस आली मला.

दुसऱ्या दिशी मायलेकी आल्या. उकरलेली जागा हरणाबायनं बघितली आन् लेकीला घेऊन खोपटात गेली. दिवाळीच्या तोंडावर तानू बाळंत झाली, ती माझ्याच गोठ्यातल्या गोणपाटावर.

पाचव्या दिशी मी मनाचा हिय्या करून खोपटाकडं गेलो. पाया पडायचं, चुकलं म्हणायचं, येवढं ठरवूनच गेलोवतो.

मला बघून तीच भायेर आली आन् हात जोडून म्हणाली, "मालक, चुकलं आमचं. उसाजवळ लावायला नगं हुतं. राग धरू नगासा."

माझंच चुकलं म्हणायला मी तोंड उघडलं. आन् सबूद फुटला त्यो काय?

"बरं, बरं. पुन्यांदा न्हाई लावायचं."