पल्लवीच्या गळ्यातली साखळी

प्रमोदनं काढलेलं चित्र मी पल्लवीला दाखवलंच नव्हतं आणि त्याला मात्र सांगितलं, तिला आवडलं नाही. दीड महिन्यापूर्वी तो गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा मला आधी हेच आठवलं.

माझा मित्र प्रमोद अकोल्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मी अमरावतीत कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. फ्लेक्स आल्यावर त्याचं काम आटलं आणि पन्नाशीत त्याला हिप-हॉपचा नाद लागला. गाण्यांपेक्षा अल्बमच्या कव्हरांचा. मोबाइलवरची कव्हरं छापून आणून त्यानं खोलीच्या भिंतीवर दोन रांगांत चिकटवली होती. वरच्या रांगेत काळी पार्श्वभूमी, सोन्याच्या साखळ्या, धूर, मोटारी, काटेरी अक्षरं. खालच्या रांगेत कुणी घराच्या पायरीवर बसलेला, कुणाचा लहानपणचा फोटो, कुणाची अख्खी गल्ली. साखळीला तो हसायचा नाही. “ज्याले कोणी विचारत नवतं, त्यानं मिरवली. त्याची ते खरी हाय,” म्हणायचा. “पण गल्ली बी त्यायचीच हाय ना? आपल्यावाल्यायनं नुसती साखळी उचलली. आपली गल्ली काय वाईट हाय काय बे?”

बाळापूरची पल्लवी वऱ्हाडीत रॅप करते. तिच्या आठवडी बाजारावरच्या अल्बमचं कव्हर माझ्याकडे आलं, तेव्हा मीच प्रमोदला म्हटलं, तू काढ. त्यानं आठ दिवस खपून काढलं. भाजीच्या उलट्या क्रेटवर बसलेली पल्लवी, शेजारी मेथीच्या जुड्या बांधणारी तिची आई, आणि वर शटरवर रंगवतात तसं जाड, सावली दिलेलं नाव. मोबाइलवर कव्हर अंगठ्याएवढं दिसतं, त्यात आई कुणाला कळणार, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी घाबरलो. हे हिप-हॉप वाटतच नाही असं कुणी म्हटलं तर... मग मीच दुसरं कव्हर केलं. काळी भिंत टाकली, धूर सोडला आणि पल्लवीनं कधीच न घातलेली साखळी तिच्या गळ्यात चढवली. प्रमोद फोनवर एवढंच म्हणाला, “पोरीले नाई आवडलं तं नाई आवडलं. गाणं तिचं हाय.” त्यानंतर त्यानं ब्रश धरला नाही.

तो गेल्यावर मी ते चित्र पल्लवीला मोबाइलवर पाठवलं. लगेच तिचा फोन आला. “काका, हे तं माही माय हाय! हे काहून नाई घेतलं?” अंगठ्याएवढ्या चित्रात तिनं आईला ओळखलं होतं.

गेल्या रविवारी मूळ चित्र घेऊन अकोल्याला प्रमोदच्या घरी गेलो. वरच्या रांगेच्या टोकाला प्रमोदनं माझं कव्हर चिकटवलं होतं, अगदी योग्य जागी. खालच्या रांगेत एक चौकोन रिकामा होता. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मले काहून सांगता, भाऊजी? त्यायले सांगा.”

मी चित्र त्या चौकोनात चिकटवलं. कडा अंगठ्यानं नीट दाबल्या.

“प्रमोद,” मी मोठ्यानं म्हटलं, “पोरीनं नाही म्हटलंच नवतं. मी तिले दाखवलंच नाही. माफ कर मले.”