उंबराचं पाणी

विरारचा फ्लॅट विकून आम्ही भुईगावात एक जुनी वाडी घेतली, तेव्हा वाडीबरोबर एक विहीर आणि तिच्या काठावरचा उंबर आपसूक मिळाला. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. गावात आमची ओळख एकच, 'घाटावरची'. तीन वर्षं झाली तरी तीच, आणि मला ते लागायचं. विहिरीचं म्हणाल, तर घरात नळ होता, बोअर होती. सोमवारी विहीर बुजवून गाडीला जागा करायची, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. डंपरवाल्याशी बोलणंही झालं होतं.

शुक्रवारी शेजारच्या आंटी कुंपणापाशी आल्या. "बाय, परवा पोरीचं लगीन. उद्या सांजेला तुमच्या बावीवर येतो आम्ही. उंबराचं पानी पायजे."

बाव म्हणजे विहीर, एवढं तीन वर्षांत कळलं होतं. पण जिचा अर्धा जन्म विरारच्या टँकरांवर गेला, तिला पाणी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? लग्नघर, एवढे पाहुणे! मी हौसेनं चांगला मोठा टँकर मागवला. म्हटलं, कळू दे एकदा घाटावरची माणसं कशी असतात!

शनिवारी टँकर आणि लग्नघरची मिरवणूक एकदमच फाटकाशी आली. बँड वाजतोय, लाल लुगड्यांतल्या बायका नाचताहेत, आंटींच्या डोक्यावर रिकामी कळशी, आणि मागून ड्रायव्हरचा हॉर्न! आंटींनी टँकर पाहिला, मग मला पाहिलं. त्यांना एवढं हसू आलं की कळशी दुसरीच्या हातात द्यावी लागली.

"अगो बाय, एक कळशी पायजे! नवरीच्या आंघोळीला!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पोर्तुगीज आले, आम्ही क्रिस्ताव झालो, नावंसुद्धा बदलली. पन लग्नाला उंबराखालचं पानी आनायचं काय कोनी सोडलं नाय. बाकीच्या बावी बुजल्या गो. आता गावात उंबराची ही एकच."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उगाच टँकरचा नंबर वाचत होता.

"बावीवाली कुठंय?" आंटींनी आवाज दिला. "पानी तिनंच काढायचं!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. बावीवाली म्हणजे मी! दोर हातात घेतला, कळशी खाली सोडली, आणि बँडवाल्यांनी असा काही सूर लावला की वर ओढताना अर्धं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. बायका ओरडल्या, मीही ओरडले. मग त्यांनी मला मधे ओढलं आणि मी, जन्मात कधी न नाचलेली बाई, ओल्या साडीत नाचले.

नाचता नाचता बघते तर नवरा एका कानात बोट घालून फोनवर डंपरवाल्याशी बोलतोय.

"सोमवारी नको हो! कधी? आमच्या मुलीचं लग्न झाल्यावर बघू!"

आमची मुलगी चौथीत आहे.