बाटलीवरच्या रेघा

"प्लीहा निम्मी झाली! निम्मी!" जोशी मॅडम ओरडल्या. लॅबमध्ये कॉम्प्युटर नवाच आला होता, त्यावर त्यांचा ग्राफ होता.

मी म्हणालो, "मॅडम, तुमचे उंदीर पाणीच पीत नाहीत."

मी ॲनिमल हाऊसचा अटेंडंट. शिपाई नव्हे. शिक्षण तिसरी, पण उंदीर वीस वर्षं सांभाळलेले.

उंदरांना विषाणू टोचला होता. त्याने त्यांना ल्युकेमिया होतो, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. कच्च्या रक्तपेशी भराभर वाढतात. पोटात डावीकडे प्लीहा असते, ती फुगते. निम्म्या उंदरांना एका रानवेलीचा अल्कलॉइड पाण्यातून दिला होता. अल्कलॉइड म्हणजे झाडातलं कडूजहर द्रव्य. प्लीहा लहान राहिली तर औषध लागू पडलं. यावर मॅडमची पीएच.डी. होती, महिन्यात थिसिस द्यायचा होता.

आकडे लिहायचा मला कंटाळा. म्हणून रोज सकाळी बाटलीत पाणी जिथवर असेल तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायचो. साध्या पाण्याच्या बाटलीवर रेघा बोटबोट अंतराने. औषधाच्या बाटलीवर एकमेकींना चिकटलेल्या; कडू पाणी कोण पिणार?

मॅडमचे गाइड म्हणाले, "कांबळे, तुम्ही पिंजरे धुवा. संशोधन आम्ही करतो."

"धुतले, साहेब." मी दोन्ही बाटल्या कीबोर्डशेजारी ठेवल्या.

"अहो, ओल्या बाटल्या कॉम्प्युटरपाशी?"

"तो वाळेल. रेघा बघा."

मॅडमनी बघितल्या, बोटाने मोजल्या. तहानेने उंदीर सुकतो, त्याची प्लीहाही आक्रसते. मग गुण औषधाचा की तहानेचा?

"सर, परत करते," त्या म्हणाल्या. "औषध सुईने देते. आणि एका गटाला औषध नाही, फक्त पाणी कमी."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

गेलं. नुसत्या तहानेनेही प्लीहा लहान झाली. सुईवाले उंदीर पोटभर पाणी प्यायले, त्यांचीही झाली, पण निम्मी नाही, पाव भागाने कमी. मॅडमनी मला मायक्रोस्कोपमध्ये दाखवलं. बिघडलेल्या पेशी एकाच्या दोन होताना मध्येच अडकल्या होत्या. विषाणू मात्र जिवंतच, मॅडम म्हणाल्या. औषध त्याला मारत नव्हतं, पेशींची वाढ अडवत होतं.

तोवर मॅडमच्या मैत्रिणी सॉफ्टवेअर कंपनीत लागल्या होत्या. मॅडमना डिग्री मिळाली, पाव भागावर. थिसिसमध्ये आभाराच्या पानावर माझं नाव आहे, शेवटून दुसरं. त्याखाली कॉम्प्युटरवाल्याचं.

औषध किती दिलं ते सगळेच लिहितात. पोटात किती गेलं ते बाटलीला विचारावं.