धुतलेलं इंजिन

तिसगावात कानिफनाथला सगळे ओळखतात, पण त्याच्याआधी त्याची पिकअप ओळखतात. बाजाराच्या दिवशी वळणावर खडखडाट झाला, की भाजीवाल्या बायका मान न वळवता टोपल्या मागे ओढतात. काय सांगावं त्या गाडीचं! हॉर्न सोडून सगळं वाजतं. किलोमीटरचा काटा काही लाखांवर पोचून दमला आणि तिथंच बसला. डाव्या दाराला आतून कडी आहे, घराच्या दाराला असते तशी. कांदा, कडबा, शेळ्या, एकदा तर लग्नाचा अख्खा बँड, सगळं तिनं वाहिलं.

तिला जगवण्याचं कानिफनाथचं शास्त्र त्याचं स्वतःचं होतं. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी बघायची, बेल्ट अंगठ्यानं दाबायचा, एकेका नटावरून हात फिरवायचा. गाडी रोज पुसायची. इंजिनाला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. त्यावर वर्षानुवर्षांच्या तेलाचा आणि धुळीचा बोटभर थर बसला होता. एकदा सर्व्हिसिंगवाल्यानं हौसेनं तिथं पाण्याचा पाइप धरला, तर कानिफनाथ असा ओरडला की तो पाइप टाकूनच पळाला.

"आरं, जुन्या इंजिनाचा मळ काढत्यात व्हय? त्यो थर हाय म्हनून त्याल आत हाय!"

त्याचा मुलगा ओम नगरला एमआयडीसीत नोकरीला. गेल्या महिन्यात तो घरी आला, तेव्हा कानिफनाथ गाडीखाली शिरला होता आणि कंबर धरल्यामुळं त्याला बाहेर येता येत नव्हतं. ओमनं दोन्ही पाय धरून बापाला ओढून काढलं. तेव्हापासून त्यानं एकच लावून धरलं.

"अण्णा, ह्या वयात गाडीखाली लोळनं बास झालं. मी पारनेरचं गिऱ्हाईक बघितलंय. देऊन टाकू."

कानिफनाथ "बरं" म्हणाला. पोरगं रागानं बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते बोललं मायेनं, तिथं माणूस काय करणार? पण त्या रात्री तो अर्धी भाकरी ताटात ठेवूनच उठला. बायको मुक्ताबाईनं ते पाहिलं आणि त्याची भाकरी झाकून ठेवली.

गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी कानिफनाथ स्वतः गाडी घेऊन सर्व्हिसिंगवाल्याकडं गेला.

"इंजिन धू. चांगलं घासून."

त्या बिचाऱ्यानं तीनदा विचारून खात्री करून घेतली.

"धू म्हनलं ना! लेक सासरी धाडायची तर न्हाऊमाखू घालून धाडत्यात."

ओमला हे कळलं तेव्हा त्याला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पारनेरचं गिऱ्हाईक, अजिनाथ, आला. त्याचाही जन्म जुन्या पिकअपी हाकण्यात गेलेला. बॉनेट उघडलं तर इंजिन घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं. ओमनं ऐटीत गाडी चालू केली. थोडा वेळ सगळं छान चाललं. मग खाली एक थेंब पडला. मग दुसरा. पॅकिंग इथून गळतंय, सील तिथून गळतंय. बघता बघता गाडीखाली काळं डबकं साचलं.

"कालपरवापत्तूर एक थेंब गळत न्हवता हो!" ओम कळवळून म्हणाला.

अजिनाथनं तेलात बोट बुडवलं आणि कानिफनाथकडं पाहिलं. कानिफनाथ समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत होता.

"इंजिन कुनी धुतलं?"

"म्या."

"इतकी वरसं गाडी सांभाळली, आन जुनं इंजिन धुवायचं नसतं एवढं ठावं न्हाई तुमाला?"

कानिफनाथ पुन्हा लिंबाकडं बघू लागला. अजिनाथला हसू आवरेना.

"ओमराव, गाडी झ्याक हाय. पन घ्यायची तर मालकासकट घ्यावी लागंल. त्ये मला न्हाई परवडायचं."

चहा पिऊन तो आल्या वाटेनं निघून गेला. ओमनं वाकून ते डबकं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं.

"अण्णा, तोंडानं न्हाई म्हनायचं हुतं ना मला."

"तू माझ्या कमरंपायी म्हनत हुतास. तुला न्हाई म्हनायला जीभ उचलंना." कानिफनाथनं बॉनेटवरून हात फिरवला. "पन ती गेली असती, तर सकाळी उठून मी काय करनार हुतो?"

"येळंवर चहा तरी पिला असता!" मुक्ताबाई आतून म्हणाली.

ओमला हसू फुटलं. त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, पोतं अंथरलं आणि बाप पुढं सरकायच्या आत स्वतःच गाडीखाली शिरला.

"तुमी बसून नुसतं सांगायचं. हितनं पुढं खाली मी. पाना द्या."

"आधी चौदाचा घे. आन हळू, लई आवळू नगंस."

कानिफनाथनं उकिडवं बसून पाना पुढं केला. ओमनं तो दोनदा ओढला, तेव्हा कुठं बापाच्या हातातून सुटला.