तू वाच, माले ऐकू येस

सुनंदाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यात भाजीवालीपुढे उभा राहून मेथीच्या जुड्या चाळत होतो. मेथी अक्कासाठीच घेत होतो, खायला नव्हे. ती धुळ्याच्या दवाखान्यात होती, दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि डॉक्टरांनीच मला मेथी घेऊन बोलावलं होतं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ते पुढे सांगतो. फोनवर तिची मुलगी वर्षा एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली..." मी नुसतं "बरं" म्हणालो. भाजीवालीने जुडी पिशवीत टाकली आणि मी स्कूटरला किक मारून घरी आलो. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. पुण्याच्या बैठकीत आता आपल्याला एकट्याला बोलावं लागणार, ही भीती. इतक्या जवळचं माणूस गेल्यावर मनात पहिलं हे यावं याची मला लाज वाटते, पण ते तसंच आलं, म्हणून तसंच लिहितो.

अक्काने आणि मी शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत बरीच वर्षं शिकवलं. पुढे आंतरजिल्हा बदलीने मी जळगावकडे आलो, ती तिथेच राहिली. आमची मैत्री म्हणजे दोन भित्र्यांची मैत्री होती. फरक एवढाच, की मी भीती लपवायचो आणि ती सांगून टाकायची. पाल दिसली, बस घाटात वळली, साहेबांची गाडी शाळेच्या दारात आली, की "भाऊ, माले भ्याव वाटस" असं म्हणून मोकळी व्हायची आणि मग जे करायचं ते करायचीच. साहेब आले की मी उगाच हजेरीपट चाळत बसायचो. ती सरळ पुढे जाऊन म्हणायची, "साहेब, तुम्हाला बघून मला घाम फुटतो. जरा चहा घ्या, मग बोलते." साहेब हसायचे आणि खरंच बसायचे. मी तिला म्हणायचो, अक्का, तुझी भीती म्हणजे नुसतं नाटक आहे. ती हात पुढे करायची. तो खरंच गार पडलेला असायचा.

मध्यंतरी राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांसाठी एकच नवी चाचणी तयार करायचं ठरलं. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून शिक्षक बोलावले गेले, त्यात धुळ्याकडून अक्का आणि जळगावकडून मी. वाचनाची चाचणी तशी साधी होती. बाहेरचा परीक्षक मुलासमोर बसणार, त्याच्यापुढे एक उतारा ठेवणार, मूल वाचेल तसं टॅबवर टिपत जाणार. पहिल्या ओळीत मूल काहीच बोललं नाही तर तिथेच थांबायचं आणि 'वाचता येत नाही' यावर बोट ठेवायचं. सरावाची पहिली फेरी अक्काच्याच वर्गावर झाली. परीक्षक म्हणून आलेली मुलगी गुणी होती. शिकवलं होतं त्याप्रमाणे ती हसली, मुलांच्या डोळ्यांत बघून गोड बोलली. आणि अक्काची पोरं एकामागून एक मुकी झाली... रमिला नावाची एक चुणचुणीत पोर होती, बापाला खताच्या गोणीवरचं सगळं वाचून दाखवणारी. ती त्या उताऱ्याकडे बघत राहिली, ओठ हलले, आवाज आला नाही. टॅबवर बोट पडलं. आम्ही दाराबाहेरून बघत होतो. पाड्यावर कुणी अनोळखी माणूस हातात काहीतरी घेऊन आपल्याकडे टक लावून बघायला लागला, की तो नाव लिहून नेणार आणि मागून काहीतरी बालंट येणार, एवढंच त्या लेकरांना घरून माहीत. शिवाय मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हेही घरचंच वळण. संध्याकाळी अक्का शाळेच्या ओट्यावर बसून म्हणाली, "भाऊ, हाई चाचनी आशीच ऱ्हायनी तं मन्या पोरी कायमच्या मुक्या ठरतीन." मी म्हटलं, आपण काय करणार, वरून ठरतं सगळं. तिने माझ्याकडे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला वर्गात बसवून घेतलं. खिचडीचे तांदूळ सुपात घेतले, भिंतीला टेकून, रमिलाकडे जवळजवळ पाठ करून बसली आणि खडे निवडायला लागली. उतारा रमिलाच्या मांडीवर. "तू वाच व माय, माले ऐकू येस," एवढंच म्हणाली आणि तिचं सगळं लक्ष तांदळात. रमिला थोडा वेळ त्या बोटांकडे बघत बसली. मग वाचायला लागली. एका शब्दाला अडली, पुन्हा बोटांकडे बघितलं. बोटं आपली चालूच होती, म्हणून तीही पुढे गेली. उतारा संपला तेव्हा तिने विचारलं, "बाई, बरोबर शे का?" अक्का म्हणाली, "बरं. पुढं." बरोबर की चूक ते परीक्षकाने सांगायचं नाही हा नियम होता आणि तो अक्का कडक पाळायची. तिचं म्हणणं, तीनदा बरोबर म्हटलं आणि चौथ्यांदा गप्प बसलं, तर त्या गप्प बसण्यानेच पोराचा जीव जातो. त्यापेक्षा सगळ्याला "बरं, पुढं".

पुढच्या बैठकीला पुण्याच्या त्या इमारतीत ती लिफ्टला घाबरून सगळे जिने चढली, मीही सोबत म्हणून चढलो आणि वर पोचेपर्यंत मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. बैठकीत तिने सुपाची गोष्ट सांगितली. बरेच जण हसले. आकडेवारी सांभाळणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, एक परीक्षक तांदूळ निवडणार आणि दुसरा नाही, तर दोन मुलांची तुलना मी कशी करू? सगळीकडे सारखंच व्हायला हवं ना?" प्रश्न खराच होता. अक्काचा आवाज थरथरत होता. "मग सगळ्यांनाच निवडायला लावा, मॅडम," ती म्हणाली. पुन्हा हशा झाला, पण मॅडमनी सरावाची आणखी एक फेरी लावली, परीक्षकांच्या हाताला काम देऊन. पोरं बोलली. तेव्हा मसुद्यात एक वाक्य आलं : परीक्षकाने मुलाच्या शेजारी बसावे, हाताला काहीतरी घरगुती काम ठेवावे आणि मुलाकडे टक लावून बघू नये. ते वाक्य आलं त्या दिवसापासून ते काढायला निघालेलेही बरेच होते. सरकारी चाचणीत भाजी निवडणार काय, वर्तमानपत्रवाले टर उडवतील, असं चाललं होतं. शेवटच्या बैठकीत काय तो निर्णय होणार होता आणि तिथे अक्का बोलणार होती. मला त्याचा केवढा आधार होता.

मग ती घराच्या ओट्यावरून पाय घसरून पडली. डोक्याला मार लागला. मी गुरुवारी धुळ्याला पोचलो तेव्हा डॉक्टर तपासायला आलेले होते. तरुण होते, वागायला चांगले होते. पलंगाच्या पायाशी उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी मोठ्याने विचारलं, "आजी, नाव सांगा. आज वार कोणता? हे कोण आलेत?" अक्काने त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही. डॉक्टर थोडं थांबले, नर्सला म्हणाले, "ओळख नाही, लिहा," आणि शेजारच्या पलंगाकडे वळले. वर्षा तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी मात्र अक्काच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो चेहरा मी पाहिलेला होता. रमिलाचा होता तो.

घरी न्यायला म्हणून स्टँडबाहेर मेथी घेतली होती, ती पिशवीत होती. मी स्टुलावर तिच्याकडे पाठ करून बसलो, मांडीवर पेपर पसरला आणि मेथी निवडायला लागलो. नर्स बघत होती. माझं सगळं लक्ष मागे होतं, पानांऐवजी देठच जमा होत होते. म्हटलं, "अक्का, तू बोल. माले ऐकू येस." अर्धी जुडी झाली तेव्हा मागून, अगदी बारीक आवाजात आलं, "बेस्तरवार." गुरुवारच होता. मी मान वळवली नाही. "तू मना भाऊ. पिंप्राळावाला." पुन्हा थोडं थांबून, "वर्षा कसाले रडस? तिले पानी दे." आणि मग, पोरं विचारतात तसंच, "बरोबर शे का?"

सगळंच बरोबर होतं, मला राहवलं नाही. "बठ्ठं बरोबर शे, अक्का," मी म्हणालो.

"आसं सांगानं नही ऱ्हास, भाऊ," ती म्हणाली. तेवढ्यातही मास्तरकी सुटली नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "माले भ्याव वाटस." मी म्हटलं, "माले बी." मग मी पेपरवरची सगळी मेथी संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. वर्षाने डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी चक्रावले, मग म्हणाले, रविवारी मी पुन्हा विचारतो, तुम्ही ती मेथी घेऊन या, मी दाराआड उभा राहून ऐकेन. रविवार तिच्या वाट्याला आला नाही. शनिवारी संध्याकाळी ती गेली. तिच्या कागदावर शेवटपर्यंत 'ओळख नाही' हेच राहिलं असेल, आणि ते आठवलं की मला आजही कसंतरी होतं.

दशक्रियेच्या दिवशी वर्षाने ते सूप माझ्या हातात दिलं. मी ते स्कूटरच्या मागे बांधून जळगावपर्यंत आणलं, वाटेत टपरीवर एकाने विचारलंही, "काय मास्तर, लग्नाचा आहेर का?" आता ते स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. मॅडमचा फोन येऊन गेला. ताईंच्या जागी तुम्ही बोला, म्हणाल्या, वाक्य ठेवायचं की काढायचं ते त्याच दिवशी ठरेल. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मला झोप नाही. त्या लांब टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघणार, आणि पहिल्या ओळीत मी गप्प राहिलो तर विषय तिथेच थांबणार, पुढचा निघणार. आणि तिकडे डोंगरात कुठेतरी एका पोरीपुढे कुणीतरी गोड हसत टॅब घेऊन बसणार. हे सगळं मला दिसत राहतं.

काल संध्याकाळी बायकोला समोर बसवून बोलायचा सराव केला. ती बिचारी एकटक माझ्याकडे बघत, कान देऊन ऐकत होती. "माननीय अध्यक्ष..." इथेच माझी गाडी अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. ती उठली. मला वाटलं, कंटाळली. तिने खिळ्यावरचं सूप काढलं, फ्रिजमधली मेथी त्यात ओतली आणि भिंतीकडे तोंड करून खाली बसली. देठ मोडल्याचा आवाज यायला लागला.

"बोला तुम्ही," ती म्हणाली, "मला ऐकू येतंय."

मी बोललो. अडखळत का होईना, रमिलापासून त्या वाक्यापर्यंत सगळं बोललो. संपल्यावर न राहवून विचारलं, "बरोबर आहे का?" तिची बोटं क्षणभर थांबली, मग परत चालू झाली.

"बरं," ती म्हणाली. "पुढे."