शेवटचा फर्मा

माणसानं आपला आवडता लेखक कोणता ते खुशाल सांगावं, पण दुसऱ्याचा लेखक वाईट कसा हे सांगायच्या भानगडीत पडू नये. मी पडलो. वय पंचविशीचं, शाळेत मास्तरकी, आणि पेठेतल्या वाचनालयाच्या मंडळावर नुकताच निवडून आलेलो. एवढं सगळं एकदम जमून आल्यावर माणसाचे पाय जमिनीवर राहत नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाइंडर चाचांच्या दुकानात जमायचो. दुकान म्हणजे एक खण, त्यात खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि मधोमध दोरा ओवत बसलेले चाचा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडंच शिवायला यायची. त्यांचा आवडता लेखक दर आठवड्याला बदलायचा, कारण जो हाताखाली असेल तोच त्यांना आवडायचा. "जो सिया, सो पढ्या," म्हणजे जे शिवलं तेच वाचलं, असं त्यांचं म्हणणं.

तिसरे अण्णा. हातमागावर लुगडी विणायचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. घरी तेलुगू. मराठी वाचायला ते शिकले ते एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांवर. त्या लेखकाकडं सगळं असायचं: हरवलेले भाऊ, विषाचे पेले, पानोपानी रडारड. अण्णा संध्याकाळी एक प्रकरण वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी मागावर बसून ते तेलुगूतून सांगायचे. त्यांच्या कारखान्यात दहाबारा माग होते. विणणारे आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, सगळ्यांना त्याच गोष्टींची चटक.

"मागावर बसलं की हातपाय कामात, कान रिकामे," अण्णा सांगायचे. "त्या कानात कायतरी घालाय पायजे की. ह्यो लेखक घालतो."

माझा लेखक याच्या अगदी उलटा. त्याच्या कादंबरीत कुणी मोठ्यानं रडत नसे. पात्रं खिडकीशी उभी राहून विचार करत. मला ते फार उच्च वाटे. त्यातही एका कादंबरीचा शेवट मला तोंडपाठ होता. सासरी छळलेली नायिका कैक वर्षांनी माहेरी येते. बाप ओट्यावर शेंगा सोलत बसलेला असतो. तो काही विचारत नाही. सोललेले दाणे मधोमध वाटतो आणि अर्धे तिच्यापुढं सरकवतो. ती खायला बसते. संपलं. हा शेवट मी चाचांच्या दुकानात किती वेळा वाचून दाखवला असेल, मोजदाद नाही.

अण्णांनी एकदाच शंका काढली. "मास्तर, तिचा बाप पयल्याच प्रकरणात मेला म्हनलं हुतं की तुमी. आता मेलेला मानूस शेंगा कसा सोलतो?"

"ती तिची कल्पना आहे, अण्णा," मी म्हणालो. "थोर लेखक सगळं उलगडून सांगत नाही. ते कळायला वाचन लागतं."

खरं सांगायचं तर ती शंका मलाही आली होती. पण लेखक थोर आहे हे एकदा ठरवल्यावर मेलेला बाप काय, आख्खं गाव उठून बसलं असतं तरी मी त्याचा अर्थ लावला असता.

त्याच सुमाराला अण्णांचं त्यांच्या लेखकाशी बिनसलं होतं. एका कादंबरीचा शेवट त्यांना मुळीच पटला नव्हता. "एक मानूस ठेसनावर हुबा ऱ्हातो आनि सोळा पानं निस्ता इचार करतो. गाडीसुदिक येत न्हाय. लेखक आजारी हुता वाटतं." मी पोट धरून हसलो. त्यांच्या लेखकाकडून दुसरी काय अपेक्षा करणार, असंही वर म्हणालो.

त्या वर्षी वाचनालयाचं कपाट भरलं. नवी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती, तेव्हा मी मंडळात ठराव मांडला की अण्णांच्या लेखकाची सगळी पुस्तकं काढून रद्दीत घालावीत. वाचकांची अभिरुची सुधारावी, वगैरे. निकाल वार्षिक सभेत लागायचा होता आणि त्याआधी ज्याला वाटेल त्यानं उठून आपला आवडता लेखक सांगायचा होता. अण्णांची पुस्तकं गेली तर मागावरच्या गोष्टी बंद पडतील, हे मला माहीत होतं. त्याचं मला काहीच वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

सभेत अण्णा आधी बोलले. त्यांना चार लोकांत बोलायची सवय नव्हती. "आमी लई शिकलेलं न्हाय," म्हणाले, "पर ह्या लेखकानं आमाला मराटी दिली." आणि बसले.

मग मी उठलो. भाषण लांबलचक केलं आणि शेवटी शेंगांचं ते पान वाचून दाखवलं. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले, परत उठले आणि म्हणाले, "मास्तरांचा लेखक मोठा हाय. आमचा गेला तरी चालंल." ठराव एकमतानं मंजूर झाला.

लोक चहाला पांगले. बाइंडर माणसाला पुस्तक दिसलं की राहवत नाही. शिवण कशी टिकली हे बघायला चाचांनी माझं पुस्तक उचललं, मागची पानं चाळली, आणि चष्मा नाकावर ओढून एका पानाच्या तळाकडं बघत राहिले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "ये फर्मा इस किताब का नै."

सोळा पानांचा एक फर्मा असतो, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक टायपात पुस्तकाचं आद्याक्षर छापलेलं असतं, ते मात्र मी कधी बघितलं नव्हतं. ते बाइंडरसाठी असतं. माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या फर्म्याखाली अण्णांच्या पुस्तकाचं अक्षर होतं. रद्दीसाठी मी आधीच काढून ठेवलेल्या ढिगातून अण्णांची ती स्टेशनावरच्या शेवटाची कादंबरी काढली, तर तिच्या शेवटी माझा फर्मा. दोन्ही एकाच छापखान्याच्या, एकाच आकाराच्या, पानांचे आकडेही जुळलेले. आणि नायिकेचं नाव दोन्हीकडं तेच, कारण त्या काळी कादंबऱ्यांतल्या नायिकांना पाचसहा नावांपलीकडं नावंच नसत. दोन्ही पुस्तकं चाचांनी एकाच दिवशी उसवून शिवली होती.

शेंगा सोलणारा बाप अण्णांच्या लेखकाचा होता. स्टेशनावर ताटकळणारा विचारवंत माझा.

"चूक माझी," चाचा म्हणाले. "आत्ताच सांगतो सगळ्यांना."

मी त्यांचा हात धरला. नको म्हणालो. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढचे दोन रविवार मला नेहमीचं विड्याचं पान दिलं नाही.

मी आपलं गुपचूप निस्तरायला गेलो. कपाटाच्या डोक्यावर फळी ठोकून घेतली, जागा झाली असं मंडळाला सांगितलं, ठराव मागं घेतला. चाचांनी दोन्ही फर्मे जिथल्या तिथं शिवले. सगळं ठाकठीक झालं असं वाटलं. पण अण्णा आपल्या लेखकाच्या पुस्तकांना हात लावेनात. ते माझ्या लेखकाची पुस्तकं न्यायला लागले.

महिन्याभरानं वाचनालयाच्या दारात भेटले. "मास्तर, तुमचा लेखक मागावर सांगून बगितला. बाया पेंगायला लागल्या. मग म्या सांगायचंच सोडलं. चूक त्याची न्हाय, आमचीच. आमाला चांगलं कळत न्हाय, ह्ये आता कळलं."

हे ते अगदी सरळ मनानं म्हणाले. मला वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या लेखकाची, दुरुस्त केलेली ती कादंबरी घेऊन मी त्यांच्या कारखान्यात गेलो. अण्णांच्या मागाशेजारी उभा राहिलो आणि जे घडलं ते सांगून टाकलं, चाचांना गप्प बसवलं तेसुद्धा. खटखट एवढी होती की मला ओरडून सांगावं लागलं, आणि पाप काही ओरडून सांगायची गोष्ट नव्हे.

अण्णांनी धोटा थांबवला. मग मान वळवून त्यांनी ते सगळं तेलुगूतून बायांना सांगितलं. बाया हसल्या, एकमेकींना ढोसून ढोसून हसल्या. एक म्हातारी काहीतरी म्हणाली.

"म्हनतीया, मास्तरला बसाय द्या," अण्णा म्हणाले. "आनि पुस्तक हिकडं द्या."

मी कांड्यांच्या टोपलीशेजारी बसलो. अण्णांनी शेवटची सोळा पानं आधी मनाशी वाचली, मग सांगायला लागले. मला तेलुगूचं अक्षर येत नाही. पण एक माग थांबला, मग दुसरा, आणि गोष्ट दाण्यांपर्यंत आली असावी तेव्हा कारखान्यात एकही माग चालू नव्हता. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. माझेही डोळे भरून आले होते, आणि ते लपवावेत असं वाटलं नाही.

मग म्हातारीनं माझ्याकडं बघत काहीतरी विचारलं.

"इचारतीया, ह्ये कुनी लिवलंय म्हून," अण्णा म्हणाले. "तुमीच सांगा."

मी नाव सांगितलं. आणि त्या नावापुढं, जन्मात पहिल्यांदा, 'राव' लावलं.