मोळीची परीक्षा

उस्मानाबादच्या कॉलेजात मी शिकवत असताना एक परदेशी प्राध्यापक आले. दुष्काळी मुलखातला सहकारी साखर कारखाना समजून घ्यायला त्यांना पुढच्या वर्षी आपले विद्यार्थी आणायचे होते. पण नुसत्या सहलीला मार्क मिळणार नाहीत, असं त्यांच्या विद्यापीठानं बजावलं होतं. मी भेटी, भाषणं, प्रश्नावल्या असा झकास आराखडा केला.

तो घेऊन आम्ही ढोकीजवळच्या उसाच्या फडात गेलो. तिथं ऊस तोडणारी एक बाई होती, पदर कमरेला घट्ट खोचलेला. उसाचे हिरवे शेंडे दोरीसारखे पिळून ती तोडलेल्या उसाची मोळी बांधायची आणि तिला टाचेचा एक दणका द्यायची. सुटली नाही तरच मोळी गाडीत जायची.

माझा आराखडा तिनं शांतपणे ऐकला. "मास्तर, नुसतं इचारून काय कळतंय? एक मोळी बांधाय लावा की पोरास्नी."

मी हसलो. तिनं शेंडे माझ्याच हातात दिले. माझी मोळी पहिल्या दणक्याला विस्कटली.

आराखडा मी फाडला. नव्यात पहिला आठवडा फडातला होता, आणि विद्यापीठानं तो मंजूर केला!

पुढच्या हंगामात पोरं आली. तीच बाई तिथं होती. तिसऱ्या दिवशी एका सोनेरी केसांच्या मुलीनं मोळी बांधली. बाईनं एक दणका दिला, मग दुसरा. मोळी जागची हलली नाही. बाईनं ती उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गाडीकडं जाता जाता ओरडली, "मास्तर, हिला पास करा! आन् तुमी बसा परत परीक्षेला!"